एटीव्हीची बॅटरी दुपारपर्यंत बसते : नवीन बॅटरी घेण्याआधी काय काय मोजायचं

दादा, तुमची अडचण आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही कळेल. नागावच्या किनाऱ्यावर तुमच्या एकसारख्या सहा एटीव्ही, म्हणजे वाळूत चालणाऱ्या चारचाकी मोटारबाइक, फिरतात. त्यातल्या १२५ सीसीच्या एका गाडीला या सीझनमध्ये दोनदा नवी बॅटरी घातली. सकाळी गाडी एका सेल्फमध्ये उठते, दुपारी दोनच्या सुमारास नुसती टकटक वाजते. मेकॅनिकने मॅग्नेट कॉईलच्या (इंजिन फिरताना वीज बनवणाऱ्या कॉईलच्या) वायरला मीटर लावला, बॉडीला बीप आला, म्हणजे वायर आणि बॉडी आतून जोडलेली दिसली, म्हणून कॉईल शॉर्ट झाली असं सांगितलं. आता कॉईल मागवायची का, हा तुमचा प्रश्न. शिवाय लिथियम बॅटरी घालावी का, हेही विचारलंत.

माझं उत्तर : अजून मागवू नका. त्या बीपवरून कॉईल गेली हे सिद्ध होत नाही. का ते पुढे सांगतो, पण कॉईलपर्यंत जाण्याआधी तीन-चार गोष्टी मोजायच्या राहिल्या आहेत. गेली बावीस वर्षं मी किनाऱ्यावरच्या गाड्यांचं वायरिंग करतोय. माझ्याकडे 'बॅटरी खराब' म्हणून येणाऱ्या गाड्यांत निम्म्याहून जास्त वेळा बॅटरीचा दोष नसतो. ती उपाशी राहिलेली असते, नाहीतर तिच्यातला करंट सेल्फपर्यंत पोचतच नसतो.

एक साधा डिजिटल मीटर घ्या, महागडा नको. मात्र त्याच्या आतला सेल ताजा असू द्या. तो उतरला की मीटर व्होल्टेज चढवून दाखवतो, आणि त्या आकड्यावर विसंबून माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

पहिलं काम, बॅटरी गाडीतून काढून पूर्ण चार्ज करायची. अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर पुढची कुठलीच तपासणी खरी येत नाही. कितीने चार्ज करायची याचा हिशोब सोपा आहे : बॅटरी जेवढ्या अँपिअर-अवरची, त्याच्या दहाव्या भागाने. तुमच्या छोट्या गाडीत ५ एएचची बॅटरी असेल तर अर्धा अँपिअर, आणि दहा-बारा तास. गॅरेजमधला ट्रकच्या बॅटऱ्यांचा मोठा चार्जर तिला लावू नका. तासाभरात ती गरम होते, फुगते, आणि प्लेट वाकल्या की संपलंच. चार्जिंगला लावाल ती जागा मोकळी हवेशीर हवी, जवळ विडी-सिगारेट नको. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, आणि एका ठिणगीवर झाकण उडालेलं मी माझ्या डोळ्यांसमोर पाहिलंय. काढताना आधी मायनस काढा, लावताना मायनस शेवटी लावा. प्लसच्या नटावर पाना फिरवताना तो चासीला टेकला तरी मग काही होत नाही.

इथेच तुमच्या दोन नव्या बॅटऱ्यांबद्दल एक शंका सांगून ठेवतो. या साइझच्या बऱ्याच बॅटऱ्या दुकानात कोरड्या असतात. गिऱ्हाईक आलं की सोबतच्या बाटलीतलं अॅसिड भरतात, झाकणाची पट्टी दाबून बसवतात आणि पाच मिनिटांत हातात देतात. अशी बॅटरी तेव्हा पूर्ण भरलेली नसते. अॅसिड भरल्यावर ती किमान अर्धा तास तशीच ठेवून, मग सावकाश पूर्ण चार्ज करून गाडीत घालायची असते. हे केलं नाही तर नवी बॅटरी पहिल्या दिवसापासून कमी भरलेलीच राहते आणि महिन्या-दीड महिन्यात तिच्या प्लेटांवर पांढरा सल्फेटचा थर बसायला लागतो. तुमच्या दोन्ही बॅटऱ्या घालताना पहिलं चार्जिंग झालं होतं का, हे आठवून बघा.

पूर्ण चार्ज झाली की बॅटरी रात्रभर तशीच ठेवा आणि सकाळी मीटर लावा. १२.७ किंवा त्याहून जास्त असेल तर भरलेली आहे. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२.० म्हणजे जवळपास पाव. चार्जर काढल्या काढल्या मोजलंत तर १३ च्या पुढचा आकडा दिसेल, तो वरवरचा असतो. रात्रभर ठेवून १०.५ च्या आसपास येऊन बसली तर सहापैकी एक सेल मेला आहे, त्या बॅटरीचा नाद सोडा. पाणी घालायची जुन्या पद्धतीची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने सगळे सेल बघा. एक सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने खाली असेल तर तोच दुखतोय.

आता सेल्फ मारताना बघायचं, आणि या तपासणीवर माझा सगळ्यात जास्त भरवसा आहे. मीटरच्या पिना थेट बॅटरीच्या शिशाच्या टर्मिनलवर धरा, केबलच्या लगवर (टोकाच्या धातूच्या कडीवर) नको. मदतनिसाला सेल्फचं बटण दाबायला सांगा आणि आकडा बघा. साडेदहा-अकरापर्यंत उतरून गाडी फिरली, तर ठीक. ९.६ च्या खाली कोसळला तर बॅटरीत दम नाही, नाहीतर सेल्फची मोटर आतून अडकून जास्त करंट ओढतेय. पण टकटक वाजतेय आणि आकडा १२.५ वरून हलतच नाही, तर बॅटरी बिचारी भरलेली आहे, पण तिच्यातला करंट बाहेर जात नाहीये. मग दोष रिलेत (बटण दाबल्यावर सेल्फला करंट जोडणाऱ्या खटक्यात), केबलमध्ये किंवा अर्थिंगला.

तो कुठे अडतोय हेही मीटरच सांगतो. एक पिन बॅटरीच्या मायनस टर्मिनलवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि सेल्फ दाबायचा. चांगल्या अर्थिंगला इथे जेमतेम ०.२ ते ०.३ व्होल्ट दिसतात. प्लसच्या बाजूलाही असंच : बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या मोटरवरच्या बोल्टपर्यंत. तिथे मध्ये रिले येतो म्हणून अर्ध्या व्होल्टपर्यंत सोडून द्या. रिलेच्या दोन जाड बोल्टांवर वेगळं मोजा. तिथेच व्होल्ट अडकत असतील तर आतले पॉइंट जळालेत. करंट जोरात वाहत असताना मोजतोय, म्हणून दोष दिसतो. बंद गाडीत त्याच वायरला बीप लावून बघाल तर ती छान वाजते, कारण तांब्याची एक तार शिल्लक असली तरी मीटर बीप देतो. सेल्फला पन्नास-साठ अँपिअर लागतात, ते त्या एका तारेतून जात नाहीत.

मागच्या सीझनला काशीदहून एक गाडी अशीच आली होती. मालकाने दोन बॅटऱ्या आणि एक सेल्फ मोटर बदलून पाहिली होती. मायनस ते इंजिन सेल्फ दाबल्यावर १.९ व्होल्ट. मागच्या मडगार्डखाली अर्थिंगची केबल चासीला जिथे बसते तो बोल्ट वरून चकचकीत होता, कुणालाही शंका येणार नाही असा. पाना लावून सोडवला तर लगच्या खाली चासीचा काळा रंग तसाच, आणि रंग आणि लग यांच्यामध्ये हिरवी पावडर. लगची पकड ज्या ठिकाणी केबलवर दाबलेली होती तिथलं प्लास्टिक नखाने मागे सारलं, तर आतलं तांबं काळं पडलेलं, बोटाने चोळल्यावर तुटून हातात आलं. समुद्राची हवा हे काम वरून दिसू देत नाही. वायरच्या आत शिरते आणि आतल्या आत खाते. केबल नवी केली, चासी पॉलिश पेपरने घासून पांढरी केली, बोल्टवर व्हॅसलीन लावलं. आकडा ०.१५ वर आला आणि त्याच जुन्या बॅटरीवर गाडी उठली.

तुमच्या गाडीच्या वर्णनात मात्र एक वेगळी खूण आहे : सकाळी चालते, दुपारी बसते. अर्थिंगचा दोष सकाळीही त्रास देतो. तुमची बॅटरी रात्री तुम्ही चार्जिंगला लावत असाल, आणि दिवसभर गाडी तिला परत काही देत नसेल, किंवा देते त्याहून जास्त खात असेल, तरच असं होतं. तेव्हा आता चार्जिंगकडे वळू.

गाडीची मागची चाकं स्टँडवर उचला, न्यूट्रलमध्ये ठेवा, समोर कुणी उभं राहू देऊ नका. बॅटरीवर मीटर लावून इंजिन सुरू करा. आयडलला, म्हणजे रेस न देता, १३ च्या आसपास असेल. रेस अर्ध्यापर्यंत, म्हणजे साडेतीन-चार हजार आरपीएमला नेली की आकडा १३.८ ते १४.५ च्या मध्ये येऊन थांबायला हवा. वर चढून थांबला तर चार्जिंग चालू आहे. १२.५ वरच बसून राहिला किंवा उलट उतरत गेला तर चार्जिंग नाही. १५ च्या पुढे गेला तर आरआर युनिट (कॉईलची वीज बॅटरीला चालेल अशी करून देणारा डबा, रेग्युलेटर-रेक्टिफायर) व्होल्टेज आवरत नाहीये. अशा गाडीत बल्ब उडत राहतात आणि बॅटरीजवळ सडक्या अंड्यासारखा वास येतो. ती चालवू नका.

एक गोष्ट हात जोडून सांगतो : चालू गाडीची बॅटरीची वायर काढून 'बंद पडते का बघू' हा प्रयोग करू नका आणि कुणाला करू देऊ नका. बॅटरी निघाली की व्होल्टेज क्षणात कुठल्या कुठे उडतं, आणि आरआर युनिट, सीडीआय (प्लगला ठिणगी देणारा डबा), घड्याळ, जे असेल ते जातं. कार्बोरेटरच्या जुन्या गाड्यांत लोकांनी हे केलं आणि निभावलं, म्हणून अजून करतात. माझ्याकडे एका वर्षात तीन चांगले सीडीआय या प्रयोगाने गेलेले आलेत. प्लसची वायर बॉडीवर घासून ठिणगी बघणं हेही तसंच.

चार्जिंग नाही असं दिसलं तर आरआर युनिटचा कपलर (वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग) काढा आणि आधी कपलरच्या आत डोळ्यांनी बघा. तपकिरी पडलेलं, वितळून आकार बिघडलेलं प्लास्टिक दिसलं तर अर्धा शोध तिथेच लागला. हार्नेसच्या, म्हणजे गाडीच्या वायरिंगच्या, बाजूच्या लाल वायरवर, गाडी बंद असताना, बॅटरीइतकेच व्होल्ट यायला हवेत. काही गाड्यांत ते चावी लावल्यावर येतात. नाही आले तर मधला फ्यूज किंवा वायर तुटलीय, आणि आरआर युनिट कितीही चांगलं असलं तरी त्याचं उत्पन्न बॅटरीपर्यंत पोचणार नाही. युनिटची स्वतःची अर्थिंगही बघा. अॅल्युमिनियमच्या फिनांमध्ये वाळू-चिखल घट्ट बसला असेल तर ब्रशने साफ करा, ते युनिट हवेवरच थंड होतं.

आता तुमच्या मेकॅनिकच्या बीपबद्दल.

एटीव्हीत मॅग्नेट कॉईल दोन प्रकारच्या असतात. मोठ्या गाड्यांत, साधारण २५० सीसीपासून पुढे, बहुतेक ठिकाणी थ्री-फेज कॉईल असते आणि तिच्या तीन वायरी निघतात, बऱ्याचदा तिन्ही पिवळ्या. या तिघींचा बॉडीशी काहीही संबंध नसतो. तिथे बॉडीला बीप आला तर कॉईल शॉर्ट, मेकॅनिकचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण छोट्या ११०-१२५ सीसीच्या गाड्यांत बहुधा साधी सिंगल-फेज कॉईल असते. तिचं एक टोक कारखान्यातच बॉडीला जोडलेलं असतं. दुसरं टोक पांढऱ्या वायरने चार्जिंगला जातं, आणि मधूनच काढलेली पिवळी वायर लाइटला. आरआर युनिटला चार पिना असतात : पांढरी, पिवळी, लाल, आणि अर्थची हिरवी. अशा कॉईलला बॉडीकडे बीप येणारच. आला नाही तर उलट कॉईल तुटली आहे. चायना बनावटीच्या गाड्यांत वायरींचे रंग बदलतात, म्हणून रंगावर न जाता युनिटच्या पिना मोजा आणि कॉईल कुठली ते ठरवा.

म्हणजे कॉईल तपासायची ती चालू गाडीत, एसी व्होल्टवर. मीटरचा खटका एसीवर फिरवा, हे विसरलं की सगळं शून्य दिसतं आणि चांगली कॉईल भंगारात जाते. थ्री-फेजला कपलर काढून दोन-दोन वायरींच्या तीन जोड्या मोजा. आयडलला पंधरा-वीस आणि रेस वाढवल्यावर पन्नासच्या पुढे, आणि तिन्ही जोड्यांत जवळजवळ सारखंच यायला हवं. दोन जोड्यांत पन्नास आणि तिसरीत वीस आलं तर कॉईल गेली. तुमच्या छोट्या गाडीत पांढऱ्या वायरपासून बॉडीपर्यंत मोजा. इथे आकडा थ्री-फेजपेक्षा कमी असतो, पण रेसबरोबर तो सरळ चढत गेला पाहिजे. चढला, तर कॉईल जिवंत आहे आणि दोष पुढे, युनिटमध्ये किंवा वायरीत. रेस वाढवूनही दोन-तीन व्होल्टवरच घुटमळला तर मात्र इंजिनचं डावं कव्हर उघडा. जळालेली कॉईल डोळ्यांनीच कळते : तांबं काळं, वार्निश सुटलेलं, तेलाला करपट वास. कॉईल बाहेर असतानाच ओहम मोजायचे असतील तर आधी मीटरच्या दोन पिना एकमेकींना लावा. साध्या मीटरच्या वायरींचाच ०.३-०.४ ओहम असतो, तो वजा केल्याशिवाय कॉईलचा आकडा धरू नका.

समजा चार्जिंग १४ आलं आणि कॉईल-युनिट दोन्ही निर्दोष निघाले. मग तुमच्या गाड्या चालतात कशा, ते बघावं लागेल. मी नागाव, दिवेआगर दोन्हीकडे बघितलंय : फेरी दहा मिनिटांची, पर्यटक नवखा, गाडी पहिल्या गिअरमध्ये वाळूत हळूहळू. फेरी संपली की पोरगा हँडलवरचं लाल किल बटण दाबतो आणि चावी तशीच राहते, कारण लगेच पुढचं गिऱ्हाईक येणार असतं. किल बटणाने इंजिन बंद होतं, दिवे नाहीत. ज्या गाडीचा हेडलाइट बॅटरीवर चालतो तिथे ३५ वॅटचा बल्ब म्हणजे जवळजवळ ३ अँपिअर. ५ एएचची बॅटरी दीड-पावणेदोन तासांत साफ. दुपारी जेवायला गाड्या उभ्या राहतात त्या वेळात चावी कुठे असते, हे एकदा स्वतः उभं राहून बघा. तुमची 'दुपारी दोन'ची वेळ मला याच कारणाने खटकली. त्यात एलईडी पट्ट्या आणि स्पीकर बसवलेले असतील तर आयडलला तेवढा करंट या छोट्या कॉईलला देताच येत नाही. हे वरून बसवलेलं सामान एक दिवस काढून ठेवून गाडी चालवली तरी फरक कळेल.

रात्रीची गळती राहिली. चावी बंद करून मायनसची वायर काढा आणि मीटर अँपिअरवर ठेवून टर्मिनल आणि वायर यांच्या मध्ये जोडा. आधी १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये, आकडा अगदी छोटा असेल तर मग मिलिअँपिअरवर. मीटर असा जोडलेला असताना सेल्फला हात लावायचा नाही, मीटरचा फ्यूज उडेल. एक-दोन मिलिअँपिअर असतील तर हरकत नाही. छोट्या एटीव्हींत रिमोटने गाडी बंद करायचा डबा असतो, तो चावी बंद असली तरी जागा असतो. एका गाडीत मी ११ मिलिअँपिअर मोजले होते. चोवीस तासांचे २६४ मिलिअँपिअर-अवर झाले, म्हणजे ५ एएचची बॅटरी गाडी न चालवता एकोणीस दिवसांत रिकामी. आकडा जास्त आला तर एकेक कपलर काढत जा. ज्याच्याबरोबर आकडा पडेल तो चोर. आरआर युनिटचा कपलर काढल्यावर पडला तर युनिटच्या आतला डायोड उलटा करंट सोडतोय, युनिट बदला.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, लिथियम बॅटरी या छोट्या गाड्यांत मी घालत नाही. तिला चार्जिंग व्होल्टेज काटेकोर लागतं आणि या स्वस्त युनिटांचा भरवसा नाही. आणि ढकलून सुरू करायचं म्हणाल, तर बेल्टच्या ऑटोमॅटिक गाडीत ते होतच नाही, विनाकारण पोरांची कंबर धरते. अडलंच तर दुसऱ्या १२ व्होल्टच्या बॅटरीवरून जंप द्या. ती कारची असेल तर कारचं इंजिन बंद ठेवून.

तर तुमच्यासाठी क्रम असा : आज रात्री चार्जिंग, उद्या सकाळी व्होल्ट, सेल्फ मारताना व्होल्ट, मग रेसवरचं चार्जिंग, आणि पांढऱ्या वायरवरचं एसी. एका कागदावर गाडीचा नंबर घालून लिहा. सहाही गाड्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले तर बिघडलेली गाडी चांगल्या पाचांच्या तुलनेत लगेच उठून दिसेल. एकसारख्या सहा गाड्या हाताशी असणं ही मोठी सोय आहे, माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांकडे तुलनेला दुसरी गाडी नसते. मी लिहिलेल्या आकड्यांपेक्षा तुमच्याच चांगल्या गाडीचा आकडा जास्त खरा धरा.

संध्याकाळी गाड्या गोड्या पाण्याने धुवा, पण प्रेशरची धार कपलरवर, स्विचवर मारू नका. खारं पाणी आत ढकललं जातं. टर्मिनलवर पांढरं-निळं फूल आलं असेल तर बॅटरी बाहेर काढून, कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासा, झाकणातून थेंबही आत जाऊ देऊ नका, कोरडं करून व्हॅसलीन लावा. आणि जूनमध्ये किनारा बंद झाला की सहाही बॅटऱ्या काढून घरात कोरड्या फळीवर ठेवा, प्रत्येकीवर गाडीचा नंबर लिहा, दर महिन्याला मीटर लावा, आणि १२.५ च्या खाली दिसली तिला त्याच रात्री अर्ध्या अँपिअरवर लावा.